नव्या हप्त्याचं बिल रखडतं, जुन्याचं झटकन येतं: पोस्टग्रेसचा प्लॅन तपासताना

पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर; एखादी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कोणत्या मार्गानं सोडवायची याचा त्याचा आराखडा म्हणजे प्लॅन. लक्षण आधी सांगतो. ते तुमच्याकडच्या दुखण्याशी जुळलं तरच पुढचं वाचा.

दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. त्या कालावधीला आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हप्ता म्हणतात आणि प्रत्येक हप्त्याला एक क्रमांक असतो. बिलाचा रिपोर्ट आठ-दहा सेकंदांत यायला हवा, पण चालू हप्त्याचा क्रमांक दिला की तो दहा-बारा मिनिटं फिरत राहतो. त्याच मिनिटाला मागच्या हप्त्याचा क्रमांक टाकून पाहिला तर पटकन येतो. क्वेरी तीच, टेबल तेच, सर्व्हर तोच, दोन्ही हप्त्यांतल्या ओळीही जवळपास सारख्याच. फरक एवढाच की एक हप्ता नवा आहे.

सॉफ्टवेअर बसवल्यावर पहिले काही महिने ही तक्रार नव्हती. मग एखादं बिल रखडायला लागलं, पुढे एकाआड एक, आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ प्रत्येक. हा क्रम लक्षात ठेवा, त्यातच रोगाचं निदान आहे.

ज्यांच्या घरी जनावरं नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: आमच्या भागात याला दुधाचा पगार म्हणतात. कित्येक घरांत किराणा, शाळेची फी, दवाखाना सगळं याच पैशावर चालतं. रिपोर्ट बारा मिनिटं रखडला की बँकेची फाइल उशिरा जाते, आणि मग गावोगावच्या संस्थांचे सचिव फोन करायला लागतात. म्हणून या क्वेरीच्या मुळापर्यंत जायचं मी ठरवलं.

मधल्या काळात जे केलं आणि ज्याचा उपयोग झाला नाही ते थोडक्यात. सर्व्हर रीस्टार्ट केला, फरक नाही. रॅम वाढवली, फरक नाही. रीइंडेक्स (इंडेक्स, म्हणजे टेबलाची शोधसूची, नव्यानं बांधणं) केल्यावर मात्र रिपोर्ट लगेच सुधारायचा, त्यामुळे कितीतरी महिने मी इंडेक्सलाच दोषी धरत होतो. खरं कारण असं, की माझ्या देखभालीच्या स्क्रिप्टमध्ये रीइंडेक्सच्या खालच्याच ओळीत ॲनालाइझही होतं, म्हणजे टेबलातल्या डेटाची आकडेवारी नव्यानं गोळा करणारी आज्ञा. काम ते करत होतं. रीइंडेक्सनं कॉलमची आकडेवारी बदलत नाही. एका वेळी एकच उपाय करून पाहिला असता तर हे पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

प्लॅन काय म्हणतो

इथल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या. पहिली आज्ञा एक्सप्लेन, आणि तिच्यासोबत कंसात ॲनालाइझ, बफर्स हे दोन पर्याय. नुसतं एक्सप्लेन फक्त अंदाज दाखवतं. हा ॲनालाइझ पर्याय वरच्या आकडेवारीच्या आज्ञेहून वेगळा; तो जोडला की क्वेरी खरोखर चालते आणि अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा दिसतो. अपडेट किंवा डिलीटवर हे वापरायचं असेल तर आधी बिगिन आणि नंतर रोलबॅक, नाहीतर डेटा खरोखरच बदलेल.

प्लॅन सर्वांत आतल्या पायरीपासून बाहेर वाचत यायचा. वेळेचे आकडे नंतर पाहा. आधी प्रत्येक पायरीवर अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी ठेवा, आणि जिथे दोन्हींत पहिल्यांदा शेकडो पटींचा फरक पडतो तिथे थांबा. वरचं सगळं बहुतेक वेळा त्या एका चुकीचंच फळ असतं. आमच्याकडे चित्र असं होतं:

नेस्टेड लूप
— इंडेक्स स्कॅन, दूध_संकलन: अंदाज 1 ओळ, प्रत्यक्ष 2,38,412 ओळी, लूप 1
— सीक्वेन्शियल स्कॅन, दरपत्रक: लूप 2,38,412

प्लॅनरला, म्हणजे पोस्टग्रेसच्या प्लॅन निवडणाऱ्या भागाला, वाटलं, संकलनाच्या टेबलातून एकच ओळ येईल. एका ओळीसाठी दरपत्रक एकदाच वाचायचं, मग हॅश टेबल (पटकन शोधता येईल अशी मांडणी) बांधण्याचा खटाटोप कशाला? त्याच्या माहितीनुसार निर्णय अगदी बरोबर होता. प्रत्यक्षात ओळी निघाल्या दोन लाख अडतीस हजार, आणि प्रत्येकीसाठी दरपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं गेलं. गाय आणि म्हैस, फॅटची प्रत्येक पायरी, एसएनएफची (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) प्रत्येक पायरी आणि दोन वर्षांतले दरबदल मिळून दरपत्रकात बारा हजारांच्या आसपास ओळी होत्या. गुणाकार केला तर तुलना 280 कोटींच्या वर जातात. बारा मिनिटं त्यात गेली.

इथे एक बारकावा आहे. लूप एकाहून जास्त असले की प्रत्यक्ष ओळी आणि वेळ ही एका लूपची सरासरी असते. दरपत्रकाच्या पायरीवर वेळ तीन मिलिसेकंद दिसला म्हणून ती सोडून देऊ नका, आधी लूपच्या आकड्यानं गुणा.

मागच्या हप्त्याचा क्रमांक देऊन तोच प्लॅन काढला तर अंदाज 2,41,000, प्रत्यक्ष 2,39,000 आणि जोडणी हॅश जॉइननं. म्हणजे प्लॅनरला हिशेब येतो. नवा हप्ता मात्र त्याला माहीतच नाही.

त्याला 1 हा आकडा कुठून मिळाला

सगळी मेख इथे आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

क्वेरीचा खर्च अंदाजून सर्वांत स्वस्त मार्ग निवडायची ही रीत आयबीएमच्या सॅन होजे इथल्या सिस्टम आर प्रकल्पातली. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 साली ती मांडली. त्यात एक नियम असा होता: एखादा कॉलम अमुक मूल्याबरोबर आहे अशी अट आली आणि त्या कॉलमवर इंडेक्स असेल, तर एकूण ओळींना वेगवेगळ्या मूल्यांच्या संख्येनं भागायचं, इंडेक्स नसेल तर सरळ एक दशांश धरायचं. सगळी मूल्यं सारख्या प्रमाणात विखुरलेली आहेत हे गृहीतच होतं. तो साधा नियम आमच्या बिलाला पुरेसा ठरला असता. सत्तर-बहात्तर हप्ते, 1.75 कोटी ओळी. भागाकार दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास येतो.

पोस्टग्रेस त्याहून बारकाईनं पाहतं. ॲनालाइझ चालतं तेव्हा ते टेबलातून नमुना घेतं आणि प्रत्येक कॉलमसाठी वारंवार येणाऱ्या मूल्यांची यादी बनवतं, प्रत्येक मूल्याच्या प्रमाणासह. आकडेवारीचं मूळ लक्ष्य 100 असतं, म्हणजे यादीत जास्तीत जास्त 100 मूल्यं. ही यादी पीजी-स्टॅट्स नावाच्या व्ह्यूमध्ये तुम्हीही पाहू शकता. त्यातला मोस्ट-कॉमन-व्हॅल्स हा कॉलम उघडा आणि नवा हप्ता तिथे आहे का बघा.

आमच्याकडे मुख्य टेबलात दोन वर्षांचा डेटा राहतो, म्हणजे हप्ते शंभरापेक्षा कमी. झाडून सगळे हप्ते यादीत बसतात आणि त्यांच्या प्रमाणांची बेरीज जवळपास 100 टक्के होते. आता यादीत नसलेला क्रमांक विचारला की प्लॅनर म्हणतो: शिरगणती पूर्ण झाली आहे, सगळी लोकसंख्या या नावांमध्येच वाटून झाली, उरलेल्यांसाठी शिल्लक शून्य. शून्य ओळी तो धरत नाही, म्हणून 1.

यातून एक गोष्ट निघते जी मला फार उशिरा उमगली. अंदाज चुकतोय म्हटलं की आकडेवारीचं लक्ष्य 100 वरून 500 किंवा 1000 करा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला. एरवी चांगलाच आहे, पण या रोगात तो उलटू शकतो. समजा डेटा चार वर्षांचा आहे, हप्ते 144. लक्ष्य 100 असताना सगळे यादीत मावत नाहीत. सारख्याच आकाराच्या मूल्यांपैकी कुणालाच खास स्थान द्यावं असं नसतं, म्हणून यादी छोटी राहते. मग नव्या हप्त्यासाठीही उरलेल्यांची सरासरी धरली जाते आणि अंदाज ठीक येतो. लक्ष्य 500 केलं की सगळे 144 पुन्हा यादीत, शिल्लक पुन्हा शून्य, आणि नव्या हप्त्याला पुन्हा 1.

ॲनालाइझ आपोआप व्हायला हवं होतं ना?

होतं, पण कधी होतं ते पाहा. ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल, एखाद्या टेबलाचं ॲनालाइझ तेव्हा करतं, जेव्हा आधीच्या ॲनालाइझनंतर बदललेल्या ओळी 50 अधिक एकूण ओळींच्या 10 टक्क्यांहून जास्त होतात. रोज सारखंच दूध येतं असं धरलं, तर 10 टक्के ओळी म्हणजे 10 टक्के दिवस. टेबलात 90 दिवसांचा डेटा असेल तर नऊ दिवसांनी पाळी येते, म्हणून पहिल्या तिमाहीत सगळं सुरळीत चाललं. सहा महिन्यांनी 18 दिवस, म्हणजे एकाआड एक बिल चुकणार. वर्षभरानंतर 36 दिवस. दोन वर्षांच्या डेटावर 73 दिवस, म्हणजे सात हप्ते येऊन जातील आणि प्लॅनरला त्यांची खबरही नसेल. तक्रार जशी वाढत गेली तसाच हा हिशेब आहे. हा तक्ता कागदावर मांडला तेव्हा दोन वर्षांचा गोंधळ माझ्यापुरता संपला.

हातानं चालवलेलं ॲनालाइझही बदलांचा तो आकडा शून्यावर आणतं. म्हणजे रखडलेल्या दिवशी मी स्क्रिप्ट चालवायचो, तेव्हा आजचं बिल सुटायचं आणि स्वयंचलित ॲनालाइझ आणखी 73 दिवस पुढे जायचं.

तुमच्याकडे हेच घडतंय का ते पाहायला पीजी-स्टॅट-यूजर-टेबल्स हा व्ह्यू आहे. त्यात लास्ट-ऑटोॲनालाइझ, लास्ट-ॲनालाइझ आणि एन-मॉड-सिन्स-ॲनालाइझ हे तीन कॉलम पाहा. तिसऱ्यात काही लाखांचा आकडा असेल आणि तारीख महिन्यापूर्वीची असेल तर आणखी शोधायची गरज नाही.

दुरुस्ती

जे टेबल रोज वाढतं आणि ज्याचा नवाच भाग सगळ्यांना हवा असतो, त्याला टक्केवारीचा नियम लावू नये. ऑल्टर टेबल, मग सेट, आणि कंसात ऑटोव्हॅक्यूम-ॲनालाइझ-स्केल-फॅक्टर शून्य व ऑटोव्हॅक्यूम-ॲनालाइझ-थ्रेशोल्ड 50,000. आमच्याकडे रोज चोवीस हजारांच्या आसपास नोंदी येतात, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी ॲनालाइझ होतं. ही सेटिंग त्या एकाच टेबलावर करा, अख्ख्या सर्व्हरवर नको.

ॲनालाइझचा भार पडेल ही भीती बाळगू नका. लक्ष्य 100 असताना नमुना 30,000 ओळींचा असतो, टेबल केवढंही असो. हा नमुना नव्या हप्त्याला पुरतो का? 1.75 कोटींत एका दिवसाच्या चोवीस हजार नोंदी असतील तर नमुन्यात त्यातल्या चाळीसेक येतील. हप्ता पुरा झाल्यावर चारशेच्या आसपास. पुरेसं आहे.

शिवाय बिलाच्या प्रक्रियेची पहिली पायरी म्हणून ॲनालाइझ स्पष्टपणे लिहा, वाटल्यास फक्त हप्ता क्रमांकाच्या कॉलमवर. तशी मुभा आहे. बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तुम्ही ओळी भरत असाल किंवा तात्पुरतं टेबल वापरत असाल तर हे टाळता येणारच नाही. कमिट न झालेल्या ओळी ऑटोव्हॅक्यूमला दिसत नाहीत आणि तात्पुरत्या टेबलांना ते हातच लावत नाही.

दरपत्रकावर जनावराचा प्रकार, फॅट आणि एसएनएफ असा इंडेक्सही घाला. त्यानं अंदाज सुधारणार नाही, पण चुकलाच तर बारा मिनिटांऐवजी काही सेकंदांवर भागेल. आधीपासून असायला हवा होता.

इनेबल-नेस्टलूप ऑफ करणं हे निदानासाठी चांगलं हत्यार आहे. तुमच्या सेशनपुरतं ते बंद करा. रिपोर्ट लगेच आला तर जोडणीची निवड चुकतेय हे पक्कं होतं. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये ते कायमचं टाकू नका, कारण एका सभासदाचं पासबुक उघडायला नेस्टेड लूपच सर्वांत चांगला.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांसाठी एक ओळ: तिथे अटीतला कॉलम इंडेक्स्ड असेल तर ऑप्टिमायझर साधारणपणे इंडेक्समध्येच डोकावून ओळी अंदाजतो, म्हणून हेच दुखणं याच रूपात दिसत नाही.

प्लॅन सुधारला, तरी सचिवांचं रजिस्टर संथच

दुसरा भाग कॉलमांचा. बिल सुटलं, पण प्रत्येक सभासदाच्या दुधाची बेरीज दाखवणारं रजिस्टर अजून रेंगाळत होतं. इथे अंदाज आणि प्रत्यक्ष ओळी व्यवस्थित जुळत होत्या. खटकला तो बफर्सचा, म्हणजे वाचलेल्या पानांचा, आकडा: तब्बल 22 हजार पानं.

कारण शोधायला टेबलाची रचना पाहावी लागली. दूध तपासणीच्या यंत्राकडून आलेला मूळ मजकूर प्रत्येक नोंदीत साठवला होता, वाद झाला तर पुरावा म्हणून. असा मजकूर साधारण सहाशे बाइट्सचा. पोस्टग्रेसचं पान 8 केबीचं असतं आणि ओळ साधारण 2 केबीच्या पुढे गेली तरच मोठा मजकूर टोस्ट नावाच्या वेगळ्या टेबलात हलतो. सहाशे बाइट्स त्या मर्यादेच्या आत, म्हणून तो ओळीतच बसून राहतो. एका पानात जिथे सत्तर-पंचाहत्तर ओळी मावल्या असत्या तिथे अकरा मावतात.

आमचं ओआरएम (कोडमधून क्वेरी बनवणारं साधन) प्रत्येक वेळी सिलेक्ट स्टार करत होतं, म्हणजे सगळेच कॉलम मागत होतं. मी आधी हवे तेवढेच कॉलम मागितले, आणि पानांचा आकडा जराही हलला नाही. हे समजून घेण्यासारखं आहे. पोस्टग्रेस ओळीनुसार साठवतं, कॉलमनुसार नाही. ओळीतला एक आकडा हवा असला तरी ते पान पूर्ण वाचावं लागतं. कॉलम कमी केल्यानं नेटवर्कवरचा बोजा कमी होतो आणि सॉर्ट किंवा हॅशमधली ओळ अरुंद होते, त्यामुळे 4 एमबीच्या मूळ वर्क-मेममध्ये (अशा कामासाठी दिलेल्या मेमरीत) जास्त मावतं. टोस्टमध्ये गेलेला मजकूर उघडून आणावा लागत नाही. हे फायदे खरेच आहेत, पण पानं तेवढीच राहतात.

पानं कमी होतात ती फक्त इंडेक्सवरूनच उत्तर मिळालं तर. इंडेक्स-ओन्ली स्कॅन पोस्टग्रेसमध्ये 2012 च्या 9.2 आवृत्तीत आला, आणि इन्क्लूड वापरून इंडेक्सला जादा कॉलम जोडायची सोय 2018 च्या 11 व्या आवृत्तीत. आम्ही हप्ता क्रमांक आणि सभासद क्रमांक यांवर इंडेक्स केला आणि लिटर, फॅट, एसएनएफ इन्क्लूडमध्ये घातले. आता कॉलम मोजकेच मागणं अत्यावश्यक झालं, कारण सिलेक्टमध्ये इंडेक्सबाहेरचा एक जरी कॉलम आला तरी प्लॅनर पुन्हा टेबलाकडे वळतो. जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) वापरत असाल तर त्यासाठी व्हॅल्यूज किंवा ओन्ली आहे.

इंडेक्स केला, प्लॅनमध्ये इंडेक्स-ओन्ली स्कॅन असं दिसलं, जुन्या हप्त्यांचं रजिस्टर उडत यायला लागलं. नवा हप्ता मात्र तसाच. खालच्या ओळीत उत्तर होतं: हीप फेचेस, म्हणजे टेबलाकडे मारलेल्या फेऱ्या, 2,38,000 च्या वर. एखादी ओळ आपल्याला दिसण्याजोगी आहे की नाही हे इंडेक्सला कळत नाही, म्हणून पोस्टग्रेस व्हिजिबिलिटी मॅपमध्ये पाहतं. त्या पानावर सगळं सर्वांना दिसणारं आहे अशी खूण नसेल तर टेबलाचं पान उघडावंच लागतं. ही खूण करतं व्हॅक्यूम, म्हणजे टेबलाची साफसफाई करणारी आज्ञा. 2020 च्या 13 व्या आवृत्तीपासून नुसत्या इन्सर्टमुळेही व्हॅक्यूम सुरू होतो, पण आमच्या 15 व्या आवृत्तीत त्याची मर्यादा 1,000 अधिक टेबलाच्या 20 टक्के. दोन वर्षांच्या डेटावर हे 146 दिवस झाले. गणित तेच, आणि वंचित राहणारा हप्ताही तोच, नवा.

म्हणून ऑटोव्हॅक्यूम-व्हॅक्यूम-इन्सर्ट-स्केल-फॅक्टरही त्या टेबलावर शून्य केला आणि थ्रेशोल्ड आकड्यात दिला. शिवाय बिलाच्या आदल्या रात्री, संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर, व्हॅक्यूम ॲनालाइझ चालतं. यंत्राचा मूळ मजकूर आता वेगळ्या टेबलात आहे आणि तक्रार आली तरच उघडला जातो.

इन्क्लूडमध्ये कॉलम भरताना हात आखडता ठेवा. फॅटची दुरुस्ती झाली की, तो कॉलम इंडेक्समध्ये असल्यामुळे, पोस्टग्रेसला इंडेक्स न शिवता होणारं हलकं अपडेट करता येत नाही. आमच्याकडे दुरुस्त्या कमी म्हणून चाललं.

एवढं करूनही एका बिलाला हीप फेचेस पुन्हा लाखात गेले. रात्रीचं व्हॅक्यूम वेळेवर झालं होतं, लॉगमध्ये चूक नव्हती. पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी पाहिल्यावर एक कनेक्शन दुपारपासून आयडल-इन-ट्रान्झॅक्शन अवस्थेत सापडलं. कुणीतरी रिपोर्टच्या टूलमधून रिपीटेबल-रीड पातळीचं ट्रान्झॅक्शन उघडून तसंच सोडलं होतं. त्या ट्रान्झॅक्शनच्या स्नॅपशॉटनंतर (त्यानं धरून ठेवलेल्या, त्या क्षणीच्या डेटाच्या चित्रानंतर) आलेल्या ओळी सर्वांना दिसणाऱ्या आहेत अशी खूण व्हॅक्यूम करू शकत नाही. आता आयडल-इन-ट्रान्झॅक्शन-सेशन-टाइमआउट दहा मिनिटांवर ठेवला आहे, आणि रात्रीची स्क्रिप्ट व्हॅक्यूमच्या आधी एक्सॅक्ट-स्टार्ट (ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ) दहा मिनिटांपेक्षा जुना असलेली ट्रान्झॅक्शन्स शोधून मला मेसेज पाठवते.